‘नको’ म्हणण्याचा हक्क

मेलबर्नच्या पश्चिमेला सपाट माळ पसरला आहे आणि मातीच्या पातळ थराखाली काळा बेसाल्ट आहे. पुण्यात पुरातत्त्व शिकलेल्या माणसाला हा दगड परका वाटत नाही. या माळावर आता भराभर वसाहती उभ्या राहत आहेत, आणि तिथं घर घेणाऱ्यांत मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. त्या प्लॉटांच्या सीमा आखल्या जाण्याआधी जमिनीची एक तपासणी व्हावी लागते. ती तपासणी करणं हा माझा व्यवसाय आहे.

व्हिक्टोरिया राज्याचा ॲबोरिजिनल वारसा कायदा २००६ सालचा. नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आतली जमीन, जुने दलदलीचे भाग, किनारपट्टी असे टापू तो संवेदनशील मानतो. तिथं मोठं बांधकाम करायचं तर आधी वारसा व्यवस्थापनाचा आराखडा लागतो. सुरुवातीला जुने नकाशे आणि नोंदी बघायच्या, मग जमीन पायी पालथी घालायची, आणि गरज पडली तर खणायचं. लहान चौकोनी खड्डे, थराथरानं. निघालेली सगळी माती बारीक जाळीच्या चाळणीतून जाते. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. लागलंच तर सिलक्रीट या दगडाचा नखाएवढा छिलका, हत्यार घडवताना उडालेला. त्याची कड अजून हाताला लागते.

चाळणीच्या दुसऱ्या बाजूला त्या भूमीच्या मूळ समाजाची प्रतिनिधी उभी असते. सोपस्कार म्हणून नव्हे, कायद्यानं तिच्या संस्थेला तिथं स्थान दिलं आहे. छिलका सापडला की मला त्याचं वय, त्याचा दगड कुठून आला असेल, हे प्रश्न सुचतात. ती विचारते, हे आता कुठं जाणार आणि परत कधी येणार? पेटी कोणाच्या कपाटात राहील, तिच्यावर कोणाचं नाव असेल, घरं बांधून झाल्यावर हा दगड याच जमिनीत कुठं पुरायचा, ती जागा कोण राखणार? माझ्या शिक्षणात हे प्रश्न नव्हते. आज मला ते माझ्या प्रश्नांइतकेच शास्त्रीय वाटतात, आणि माझ्या प्रश्नांपेक्षा निकडीचे.

या व्यवसायात एक पेच आहे, तो मोकळेपणानं सांगितला पाहिजे. सल्लागार पुरातत्त्वज्ञाचे पैसे देतो तो बांधकाम करणारा. ज्याला जमीन मोकळी हवी आहे, त्याच्याच खर्चानं आम्ही जमिनीत काय आहे ते शोधतो. आज ऑस्ट्रेलियातले बहुसंख्य पुरातत्त्वज्ञ याच कामात आहेत. त्यातली माझ्या ओळखीची माणसं प्रामाणिक आहेत, कष्टाळू आहेत. पण प्रामाणिक अहवालानं जागा वाचतेच, असा समज कोणी बाळगू नये. २०२० सालानंतर तर नाहीच नाही.

त्या वर्षी २४ मे रोजी, रविवारी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात रिओ टिंटो या खाण कंपनीनं जूकान घळीतले दोन शैलाश्रय सुरुंगानं उडवले. ती भूमी पुतू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा समाजाची. त्यातल्या एका आश्रयात ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. त्या काळात हिमयुगाचा कडाक्याचा, कोरडा कालखंडही येऊन गेला, तरी माणसं या जागेकडे पुन्हा पुन्हा येत राहिली. कांगारूच्या हाडाचं २८,००० वर्षांपूर्वीचं टोकदार हत्यार तिथं मिळालं होतं. आणि मिळाला होता माणसांच्या केसांच्या वेणीचा, बहुधा कमरपट्ट्याचा, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा एक तुकडा. कित्येक जणांचे केस त्यात एकत्र गुंफलेले होते. त्याची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा नातं जुळलं ते आज हयात असलेल्या त्याच समाजाच्या माणसांशी. जगात फार थोड्या ठिकाणी जमिनीतली वस्तू आणि जमिनीवरची माणसं यांच्यातला धागा इतका थेट हाती येतो.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथं उत्खनन झालं होतं. आणि ते उत्खनन झालं होतं, कारण जागा नष्ट करायची परवानगी आधीच देऊन झाली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९७२ च्या वारसा कायद्याच्या १८ व्या कलमाखाली २०१३ साली तिथल्या सरकारनं संमती दिली. त्यानंतर २०१४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ‘वाचवता येईल तेवढं वाचवा’ या हिशेबानं खणलं आणि सुमारे ७,००० वस्तू बाहेर काढल्या. त्यांच्या अहवालानं या जागेला देशातल्या सर्वोच्च महत्त्वाच्या पुरातत्त्वीय स्थळांत गणलं. पण नवी माहिती आली म्हणून जुनी संमती मागे घेण्याची सोयच त्या कायद्यात नव्हती. जमीनधारकाला निर्णयाविरुद्ध दाद मागता येत होती, मूळ समाजाला येत नव्हती. संसदेच्या चौकशीत पुढं उघड झालं की खाण वाढवण्याचे चार पर्याय कंपनीपुढं होते. त्यातले तीन शैलाश्रयांना धक्का न लावणारे होते. चौथ्यात सुमारे १३.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं जास्तीचं लोहखनिज होतं. समाजाला बाकीचे तीन पर्याय सांगितलेच नव्हते. शिवाय कंपनीशी केलेल्या करारांनी त्यांना जाहीर बोलण्यापासून बांधून ठेवलं होतं.

हा प्रकार मला झोपू देत नाही, तो त्यातल्या लोभामुळे नव्हे. लोभ जुनाच आहे. अस्वस्थ करतं ते हे, की ज्ञानात काहीही उणीव नव्हती. उत्खनन उत्तम झालं, कालनिर्णय नेमका झाला, अहवाल सडेतोड होता, आणि समाजाचे लोक पुरातत्त्वज्ञांबरोबर होते. उणीव होती ती एकाच गोष्टीची: त्या समाजाच्या नकाराला वजन नव्हतं. उलट, वस्तू काढून पेट्यांत भरल्या, आता जागा गेली तरी चालेल, असा अर्थ आमच्या कामातून निघू शकला. वारसा उचलून नेता येतो, हे गृहीतच आमच्या शास्त्रानं घडवलेलं आहे. घळ मात्र उचलून नेता येत नाही. पुढं कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यासह तीन वरिष्ठांना पद सोडावं लागलं, संसदेचे अहवाल आले. घळ गेली ती गेलीच.

नकाराची मागणी काही २०२० मध्ये उठलेली नाही. टास्मानियाच्या ॲबोरिजिनल समाजाच्या वतीनं रॉस लँगफर्ड यांनी १९८२ साली पुरातत्त्वज्ञांच्या परिषदेत ती तोंडावर मांडली होती. हा आमचा वारसा आहे, त्यावर ताबा आमचा असेल, आणि तुम्हाला काम करायचं तर आमच्या अटींवर, असा त्यांचा रोख होता. तेव्हा अनेकांना तो शास्त्रावरचा हल्ला वाटला. न्यू साउथ वेल्समधल्या मंगो सरोवराची कहाणी त्याच वादातून गेली आहे.

हे सरोवर केव्हाच कोरडं पडलं. त्याच्या काठच्या वाळूत जिम बोलर या भूशास्त्रज्ञाला १९६८ साली एका स्त्रीच्या जळालेल्या अस्थी दिसल्या. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी कोणीतरी तिला अग्नी दिला होता, हाडं फोडून पुन्हा जाळली होती आणि मग पुरली होती. जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात दहनविधींपैकी हा एक. तिच्या अस्थी एका सुटकेसमधून कॅनबेराच्या विद्यापीठात नेल्या गेल्या. १९७४ मध्ये बोलर यांनाच एका पुरुषाचा सांगाडा सापडला. तोही कॅनबेराला गेला. घरातलं माणूस गेल्यावर अस्थींचं काय करायचं, हे आपल्याकडे कोणी बाहेरचा ठरवत नाही. मुथी मुथी, पाकांची आणि न्गियाम्पा या समाजांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं बाहेरच्यांनी ठरवलं.

स्त्री १९९२ साली परतली. तिला लगेच मातीत ठेवलं नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या तिजोरीत ठेवलं आणि तिजोरीला दोन कुलपं लावली. एक किल्ली समाजाच्या ज्येष्ठांकडे, दुसरी शास्त्रज्ञांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही. भागीदारी या शब्दावर आमच्या व्यवसायात पानंच्या पानं लिहिली जातात, पण या दोन कुलपांइतकी स्पष्ट व्याख्या मला कुठं भेटलेली नाही. पुरुषाचा सांगाडा २०१७ मध्ये परतला. तो परत जावा, असं स्वतः बोलरही सांगत आले होते. २०२२ मध्ये दोघांनाही अज्ञात जागी पुन्हा पुरलं गेलं. त्यावर मतभेद झाले, आणि ते समाजाच्या आतही होते. अस्थी राखून ठेवायला योग्य वास्तू बांधावी, असं काही ॲबोरिजिनल माणसांचंही म्हणणं होतं. पुढच्या काळात नव्या पद्धतींनी जे कळू शकलं असतं ते आता कळणार नाही, याचं मला दुःख आहे. तरीही ते ठरवण्याचा अधिकार माझा होता, असं मला एकदाही वाटलेलं नाही.

व्हिक्टोरियातल्या कायद्यानं हा अधिकार बराचसा मूळ समाजाकडे दिला आहे. ज्या टापूत त्यांची नोंदणीकृत संस्था आहे तिथं मी लिहिलेला आराखडा तीच तपासते. ३० दिवसांत मंजूर करते किंवा नाकारते. नाकारला तर बांधकाम करणारा न्यायाधिकरणात जाऊ शकतो, म्हणजे हा शेवटचा शब्द नाही. पण नाकारता येतं, एवढ्यानंही पहिल्या दिवसापासून बोलण्याचा सूर बदलतो. रस्ता चार मीटर सरकवता येईल का, हा प्रश्न आराखडा कागदावर असतानाच विचारला जातो.

म्हणून सगळं सुरळीत आहे असं नाही. मेलबर्न ते ॲडलेड महामार्ग रुंद करताना जाब वुरंग समाजाच्या जुन्या वृक्षांचा प्रश्न उभा राहिला. अधिकृत संस्थेची संमती होती, पण त्याच समाजातली अनेक माणसं तंबू ठोकून झाडांखाली बसली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना पवित्र वाटणारं एक झाड तोडलं गेलं. समाज म्हणजे एक तोंड नव्हे, आणि कायद्याला मात्र सही करायला एकच हात हवा असतो. या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडे बोट दाखवून सगळा हक्कच पोकळ ठरवणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. आपल्या एका तरी गावात रस्त्यावरून एकमत झालं आहे का?

बज बिमला गेलं की हे सगळं वेगळ्या उजेडात दिसतं. नैर्ऋत्य व्हिक्टोरियातला हा ज्वालामुखीचा मुलूख गुंडिचमारा समाजाचा. लाव्हाच्या खडकांतून त्यांनी पाट काढले, बांध घातले, तळी राखली आणि त्यांत वाम मासे वाढवले. कुयांग हे त्या वामीचं त्यांच्या भाषेतलं नाव. या रचनेचे सर्वांत जुने भाग ६,६०० वर्षांपूर्वीचे आहेत. ‘इथले लोक नुसते भटके शिकारी’ असं ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर हे बांध होते. पुढं गोऱ्या वसाहतकारांनी इथल्या काँडा सरोवराचं पाणी काढून दिलं.

गुंडिचमारांनी न्यायालयातून जमिनीवरचा हक्क मिळवला, २०१० मध्ये काँडा सरोवरात पाणी परत आणलं आणि जागतिक वारशाचा प्रस्ताव पुढाकार घेऊन उभा केला. पुरातत्त्वज्ञ होतेच, पण त्यांनी बोलावलेले. २०१९ मध्ये बज बिम यादीत आलं. केवळ ॲबोरिजिनल सांस्कृतिक मूल्यांसाठी यादीत आलेलं ऑस्ट्रेलियातलं ते पहिलं स्थळ. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथं वणवा लागला. गवत जळून गेल्यावर आधी न दिसलेले पाट उघडे पडले, त्यातला एक सुमारे २५ मीटर लांब. ती नोंद करायला हजर होती तीच माणसं, ज्यांच्या पूर्वजांनी ते खोदले. जूकानमध्ये ज्ञान होतं आणि अधिकार नव्हता. इथं अधिकार आला आणि ज्ञान वाढत गेलं. ‘समाजाला हक्क दिले तर संशोधन थांबेल’ हा युक्तिवाद मी अजूनही ऐकते, तेव्हा मला बज बिम आठवतं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जूकाननंतर नवा कायदा आला. १ जुलै २०२३ ला तो लागू झाला, शेतकरी आणि जमीनमालकांनी ओरड केली, आणि पाचेक आठवड्यांत सरकारनं तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. आता तिथं काही दुरुस्त्यांसह पुन्हा १९७२ चाच कायदा आहे.

इथं काम करताना मन वारंवार कोकणच्या सड्यांवर जातं. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यात बारसूही आहे, आणि २०२३ मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. ही शिल्पं शोधणाऱ्या हौशी अभ्यासकांना वाट दाखवली ती गुराख्यांनी, शेतकऱ्यांनी. कोकणातला ग्रामस्थ आणि गुंडिचमारा यांचा इतिहास एक नाही, तशी सरळ तुलना मी करणार नाही. पण सड्यावर कोणताही प्रकल्प येवो, तिथल्या वारशाचा अहवाल मंत्रालयात जाण्याआधी मराठीत, नकाशांसह, गावाच्या हाती पडला पाहिजे. कोणते पर्याय तपासले आणि कोणते सोडले, ते त्यात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि ग्रामसभेनं ‘नको’ म्हटलं, तर तो नकार नोंदवून फाईल पुढं सरकता कामा नये. ती तिथंच थांबली पाहिजे.