दया नको, कॅमेरा हवा

सुट्टीत घरी बसून काय बघावे, असे वस्तीतली पोरे आम्हाला विचारतात. आम्ही चार सिनेमे सांगतो. डाउनलोड करा, आईबापांना शेजारी बसवा आणि एकच प्रश्न विचारा : यात आपला माणूस स्वतः काय करतो?

सुजाता (१९५९) : बिमल रॉय यांचा. नूतन अप्रतिम. पण ब्राह्मण घरात वाढलेल्या अस्पृश्य पोरीला 'मुलगी' म्हणवून घ्यायला आधी रक्त द्यावे लागते! माणूसपणाला असला दाखला कशाला?

अंकुर (१९७४) : श्याम बेनेगल यांचा. मार खाणारा किष्टय्या मुका. जमीनदाराच्या खिडकीवर शेवटी दगड मारतो एक लहान पोर.

सद्गती (१९८१) : सत्यजित राय यांचा. लाकूड फोडता फोडता दुखी उपाशीपोटी मरतो. त्याचे जातभाई प्रेत उचलत नाहीत. पंडितालाच ते दोरीने ओढत न्यावे लागते. या नकारावर घरात जरूर बोला.

फँड्री (२०१३) : नागराज मंजुळे यांचा. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि तिथूनच डुक्कर वाहून नेणारा जब्या. शेवटचा दगड तोच मारतो, थेट प्रेक्षकाच्या दिशेने.

पहिल्या तिघांच्या हेतूवर आम्हाला शंका नाही. पण त्यांनी आपले दुःख बाहेरून पाहिले. मंजुळे आतून आले, म्हणून दगड जब्याच्या हातात आला. आपल्या पोरांनी हे सिनेमे बघून रडू नये. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हे आधी बघायला शिकावे.

जयभीम!