महाग पेट्रोलचा धडा

आमच्या घरी शंभर सीसीची एकच मोटारसायकल. मायलेज वाढेल म्हणून आम्ही चार महिने महागडे पेट्रोल भरले. मायलेज तेवढेच, वर मुलीच्या वह्यांचे पैसे गेले! पुन्हा साध्यावर आलो. मग भर उन्हात, दोघे नि सामान घेऊन कसारा घाट चढताना इंजिन टकटक वाजू लागले. वाटले, चुकलोच. इगतपुरीचा मेकॅनिक हसला, "दादा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, एवढेच त्याचे काम. चढाला टॉपवर ओढू नका, गियर खाली टाका." पुढच्या खेपेला तसे केले, आवाज नाही. वाचकहो, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलाय त्याहून कमी ऑक्टेन नको, जास्तीसाठी पोटाला चिमटाही नको.