दुखणे जबड्याचे, दोष कानाला

दात आवळून अभ्यास करणाऱ्या मुलांचे आपणांस मोठे कौतुक वाटते. मलाही वाटत असे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचे घर आहे. धाकटी मुलगी येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात शिकते.

गेल्या पोळ्याला घरी ठेठरी केली होती. बेसनाचा हा कडक पदार्थ तिच्या विशेष आवडीचा. पण एक तुकडा चावून तिने ताट सरकविले. म्हणाली, "बाबा, कान दुखतो." परीक्षा जवळ आली की नाना दुखणी सुचतात, असे मी हसत बोलून गेलो. त्या वाक्याची आज मला लाज वाटते.

पुढे सकाळी उठताच जबडा जड वाटू लागला. जांभई देताना कानाजवळ कट् असा आवाज होई, कानशिले ठणकत. अखेर कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "कानात काही दोष नाही. दंतवैद्यांकडे जा."

दंतवैद्य बाईंनी तिच्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडावयास लाविले. मग विचारले, "या क्षणी तुझे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?" मुलगी चपापली. ते घट्ट आवळलेले होते!

कानाच्या अगदी पुढे खालचा जबडा कवटीला जोडलेला असतो. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढे घसरतोही. मध्ये एक चिवट चकती असते. दात टेकावेत ते मुख्यतः चावताना व गिळताना. एरवी ओठ मिटलेले असले तरी दातांत किंचित फट असावी. वाचताना तासन्‌तास दात आवळले, वा झोपेत खाल्ले, की गालांचे व कानशिलांचे स्नायू थकतात आणि वेदना कानात भासते. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कर्णवैद्याने अशा तक्रारींचा संबंध जबड्याशी जोडला. पडलेल्या दाढांना त्याने दिलेला दोष पुढे टिकला नाही. आज मनावरील ताण, अपुरी झोप, सवयी, सांध्याला बसलेला मार अशी अनेक कारणे एकत्र धरतात. तरुण वयात, त्यातही स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो.

उपचार साधे होते. काही दिवस मऊ वरणभात, गालांना कोमट शेक, जांभई देताना हनुवटीखाली हात आणि च्युइंग गम बंद. दात घासून वा कापून घेण्याची घाई करू नका, असेही बाईंनी बजाविले. तोंड उघडेनासे झाले किंवा सूज आली, तर मात्र विलंब न करता डॉक्टर गाठावा. मुलीने टेबलासमोर कागद चिकटविला: "ओठ मिटा, दात सोडा."

निघताना बाईंनी विचारले, "घरी अभ्यासाचा फार ताण असतो का?" मुलगी काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिले.

दीड महिन्यात दुखणे ओसरले. आवाज अधूनमधून होतो. वेदना नसेल तर त्याला भिण्याचे कारण नाही. रोज रात्री तिच्या दारात उभे राहून "किती पाने झाली?" असे मी विचारीत असे. आता "झोपतेस ना?" एवढेच विचारतो.