भाषांची देवघेव

इंग्लंडांतील एका शाळेंत आम्ही जर्मन भाषा शिकवितों. जर्मनींतील एका शाळेशीं भाषांची देवघेव जुळविण्याचें काम मध्यंतरी आमच्याकडे आलें. ज्या शाळेंत आम्ही लहानाचे मोठे झालों, तिच्या वार्षिकांत त्याची हकीकत द्यावी, असें मनांत आलें म्हणून हा अल्प लेख.

हा उपक्रम नवा नव्हे. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें, तेव्हां दोन्ही देशांतील अनेक नगरें बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेलीं होतीं. तरीहि १९४७ सालींच ब्रिस्टलनें हॅनोव्हरशीं, ऑक्सफर्डनें बॉनशीं व रेडिंगनें डसेलडॉर्फशीं स्नेहसंबंध जोडला. पुढें इकडचीं मुलें तिकडच्या घरीं पाहुणीं म्हणून राहूं लागलीं. कालच्या शत्रूच्या लेंकरास आपल्या पंक्तीस बसविणाऱ्या त्या मातापितरांचें मन केवढें थोर असेल!

आजची अडचण वैराची नसून विषमतेची आहे. जर्मनींतील बहुतेक मुलें प्राथमिक शाळेंतच इंग्रजीस आरंभ करितात. इंग्लंडांत मात्र २००४ सालापासून चौदा वर्षांपुढील मुलांस परभाषेची सक्ति उरली नाहीं, व जर्मन घेणारांची संख्या घटत गेली. शिवाय जर्मनींत राज्यें १६, प्रत्येकाच्या सुट्या निराळ्या, आणि तेथील घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढें. त्यामुळें वेळापत्रक जुळवितांनाच पुष्कळ पत्रव्यवहार झाला. अखेर १२ जोड्या ठरल्या. आठवड्यांतून एकदां संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर बसावयाचें; पहिलीं १५ मिनिटें जर्मन, मग घंटा, व पुढील १५ मिनिटें इंग्रजी.

परंतु पहिल्याच दिवशीं निराळेंच घडलें. आमची एक लाजाळू विद्यार्थिनी जर्मन वाक्य जुळवितां जुळवितां अडखळली, तोंच पलीकडच्या मुलानें तिची कींव येऊन इंग्रजी सुरू केली. त्याचा हेतु चांगला होता. पण त्या दयेपायीं तिच्या वांट्याचीं १५ मिनिटें व्यर्थ गेलीं. बहुतेक जोड्यांत हाच प्रकार दिसला. मग तिकडील शिक्षकांशीं विचार करून आम्हीं नियम केला: समोरचा अडला, कीं मनांत दहा अंक मोजावे, नंतर फार तर एक शब्द पुरवावा, वाक्य पुरें करूं नये, चुका तीनच सांगाव्या, त्याहि शेवटीं.

तीन आठवड्यांनीं त्याच मुलीनें आपल्या आजीच्या आजाराची गोष्ट जर्मन भाषेंत सांगितली. इंग्रजींत 'गिफ्ट' म्हणजे भेटवस्तु, पण जर्मन भाषेंत 'गिफ्ट' म्हणजे विष! "आम्हीं आजीस रुग्णालयांत गिफ्ट नेलें," असें ती भाबडेपणानें म्हणाली. मुलगा ओंठ आंवळून दहा अंक मोजीत बसला. मग त्यानें हळूच 'गेशेंक' हा योग्य शब्द पुरविला, आणि दोघेंहि पोट धरून हंसलीं. ती छोटीशी गोष्ट संपण्यास १२ मिनिटें लागलीं. पण ती सर्वस्वीं तिची होती.

मराठी वाचकांस एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जर्मन भाषेंत मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत; मुलीस 'मेडशेन' म्हणतात, पण तो शब्द आपल्या 'लेंकरूं'प्रमाणें नपुंसकलिंगी! सलगीच्या माणसास 'डू' व परक्यास 'झी' म्हणावयाचें. गौण वाक्यांत क्रियापद शेवटीं. जें इंग्रज मुलांस परकें वाटतें, तें तुम्हांस घरचें वाटेल.

भाषेच्या देवघेवींत शब्द दोघांजवळहि असतात. खरोखर द्यावयाचा असतो तो वेळ. तेव्हां बालमित्रहो, परप्रांतांतून तुमच्या वर्गांत नवीन आलेला मुलगा मोडक्यातोडक्या मराठींत बोलूं लागला, तर त्याचें वाक्य तुम्ही पुरें करूं नका. दहा अंक मोजा.