चेंजओव्हरचं हँडल

आमच्या छापखान्यात मीटरशेजारी एक लोखंडी पेटी आहे. तिचं हँडल वर केलं की महावितरणची वीज, खाली केलं की जनरेटरची, मधोमध ठेवलं की दोन्ही बंद. चेंजओव्हर म्हणतात त्याला. भारनियमनाच्या काळात वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कर्ज काढून जुना डिझेल जनरेटर घेतला, तेव्हा ही पेटी बसली. वैशाखात लग्नपत्रिकांची घाई आणि भारनियमनही त्याच दिवसांत सर्वांत जास्त. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मशीन थांबवून चालायचं नाही.

लाइनचं काम निघालं की वायरमन खांबावर चढण्याआधी दुकानात डोकवायचा. ‘अण्णा, हँडल कुठंय?’ ‘खाली आहे, चढ.’ तरी तो आत येऊन स्वतः बघायचा. तेव्हा मला तो अविश्वास वाटे. पुढे कळलं, की कुणी पेटी न बसवता जनरेटरची वायर सरळ घरच्या प्लगमध्ये खुपसली, तर ती वीज उलटी खांबावर जाते. अकरा हजार व्होल्ट उतरवून आपल्याला २३० देणारा ट्रान्सफॉर्मर मग उलटं काम करतो, आणि बंद म्हणून हात लावलेली तार जिवंत होते. एका घरातला पंखा आणि वर चढलेल्या माणसाचा जीव यांच्यामध्ये एवढंच ते हँडल असतं.

जनरेटर ही ज्याची त्याची खासगी सोय असते, हे मला कधीच पटलं नाही. शेजारी टेलरकाकांचं दुकान होतं. भर लग्नसराईत दुपारी ते दारात बसून उजेडाला काजं करायचे; दोरा ओवताना सुई आभाळाकडे धरायचे. अण्णांनी एक दिवस न विचारता त्यांच्याकडे एका ट्यूबची वायर टाकली. २००३च्या विद्युत कायद्याने वीज तयार करायला परवाना लागेनासा केला, पण ती दुसऱ्याला पुरवायला लागतोच. नियम कशासाठी आहे ते मला समजतं. खांबावरच्या त्या माणसासाठीही तो आहे. पण गावाला वीज पुरवायची जबाबदारी ज्यांनी घेतली होती त्यांची वीज नव्हती, आणि काकांच्या सुईला उजेड हवा होता.

ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त, असं त्या वर्षांतलं सूत्र होतं. वेळेवर बिल भरणारे काकाही त्या फीडरच्या पापात वाटेकरी. पुण्याने २००६ मध्ये वेगळी वाट काढली. कारखान्यांनी गरजेच्या तासांत आपापले जनरेटर चालवायचे, त्यांच्या वाट्याची वीज शहराला सोडायची आणि जादा खर्च जास्त वापराच्या ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा. नियामक आयोगाने ते मान्य केलं. खासगी जनरेटर सगळ्यांच्या कामी येऊ शकतो, हे त्यातून दिसलं. पण आमच्या गावात मोठे कारखाने कुठून आणायचे?

जनरेटरच्या आवाजाची आणि धुराची दखल सरकारने घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. २००५ पासून बनणाऱ्या डिझेल जनरेटरला एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आली. जुलै २०२३ पासून धुराचे निकषही कडक झाले. अण्णांचा जनरेटर त्याआधीचा, उघडा, ठणाणा करणारा. त्या धुरात मी दहावीचा अभ्यास केला आहे, म्हणून या नियमांबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२२ मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन असंही आलं, की जनरेटरवाल्यांनी पाच वर्षांत सौरऊर्जा आणि बॅटरीसारख्या स्वच्छ साधनांकडे वळण्याचा प्रयत्न करावा.

वळायला कोण नाही म्हणतो? एक लिटर डिझेल जाळून तीन-साडेतीन युनिट वीज मिळते. तो हिशेब छोट्या दुकानदाराला तोंडपाठ असतो. पण प्रयत्न त्याने करायचा, पैसे कुणी घालायचे? पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छताला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. दुकानाला नाही, बॅटरीलाही नाही. आणि बॅटरीवाचून बसवलेलं सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं. तसं ते मुद्दाम केलेलं आहे, खांबावर माणूस असेल म्हणून. तिथे मला तक्रार नाही. पण वीज गेल्यावर जी उपयोगी पडेल ती बॅटरी महाग म्हणून छोट्याच्या हाती पुन्हा डिझेलचा कॅनच येतो. आधार द्यायचा तर तो तिथे द्यायला हवा: झेरॉक्सवाल्याला, टेलरला, लशी थंड ठेवणाऱ्या औषधाच्या दुकानाला.

गेल्या मे महिन्यात वळवाने झाड पडलं आणि लाइन तुटली. तासाभरात ऊन पडलं. मागच्या घराच्या छतावरच्या आमच्या सोलरच्या पाट्या धुऊन निघून लखलखत होत्या, आणि बंद होत्या. खाली भावाने जनरेटर सुरू केला. अण्णा आता गल्ल्यापाशी नसतात. काकांच्या जागी त्यांची सून शिवते. तिच्या मशीनला मोटर आहे. ती दारात आली, काही बोलली नाही. भावाने जुनी वायर शोधायला घेतली.

एवढ्यात एक तरुण वायरमन आत आला, कमरेला पट्टा, बूट चिखलाने भरलेले. नवाच होता, आम्हाला ओळखत नव्हता. रामराम केला आणि भिंतीकडे बघत विचारलं,

‘दादा, हँडल कुठंय?’