दोन उधाणांच्या मधली कच्छवारी



भात झोडून घरात आलं, पेंढा रचून झाला, वरच्या तुकड्यातल्या वालाला शेंगा धरल्यात. तरी गेल्या पंधरवड्यात मी शेताबद्दल कमी आणि गाडीबद्दल जास्त लिहितोय, असं दोघा-तिघांनी बोलून दाखवलं. तर आज एकदाच सगळं सांगतो. माघी पुनवेनंतर आम्ही घरची सात माणसं दोन गाड्या घेऊन कच्छला निघतोय. खाराघोड्याचं छोटं रण, तिथून धोलावीरा, खावडा, बन्नी, भुज आणि परत. रस्ता आहे तिथे रस्त्याने, नाही तिथे मातीतून.

सहल म्हटलं की लोक आधी सुट्टी बघतात. आमच्याकडे आधी भरती बघावी लागते. आमची उरलेली दोन एकर खाडीला लागून आहे. एका अंगाला कंटेनरची यार्डं, दुसऱ्या अंगाला तिवरं, मध्ये बांध. पुनव आणि अमावस्येला उधाण येतं, पाणी बांधाच्या छातीला लागतं, आणि खेकड्यांनी पोखरलेली जागा नेमकी त्याच वेळी सापडते. एकदा खांड गेली की पाणी आत शिरायला एक रात्र पुरते. पावसाळ्यात शिरलं तर निदान वरून गोड पाणी पडून धुऊन तरी निघतं. माघ-फाल्गुनात शिरलं तर ते तिथेच आटतं, ऊन पडलं की खालचा क्षार वर चढतो, आणि चैत्रात शेतावर पांढरी साय दिसते. मग पुढच्या पावसाचं पहिलं पाणी नुसतं मीठ धुण्यात घालवायचं, लावणी मागे ढकलायची. खारेपाटातल्या माणसाला हे नवीन नाही. घाटावरच्या मित्रांसाठी लिहिलं.

म्हणून हिशोब असा. पुनवेचं उधाण दोन दिवसांनी ओसरायला लागतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याला जोर नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी मी बांधावर पाहिजे. मधे राहतात अकरा दिवस. या अकरा दिवसांत जाऊन-येऊन सगळं बसवायचं आहे. पांढऱ्या रणात चांदणं बघायला लोक मुद्दाम पुनवेला जातात म्हणे. आमच्या वाट्याला उतरता चंद्र. तो उगवेपर्यंत आमची अर्धी झोप झालेली असेल.

आता एवढं लांब, आणि तेही खाऱ्या उजाड मुलखात, कशाला? त्याचं कारण आमची आय.

आय आता अठ्ठ्याहत्तरची. लग्नाआधी आणि लग्नानंतर बरीच वर्षं तिनं मिठागरात काम केलं. आम्ही आगरी, आमचं नावच आगरावरून पडलेलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात तापवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात दाणा धरला की लाकडी फळीनं ओढून काठाला लावायचा आणि बायांनी पाटी भरून डोक्यावरून रास घालायची. पाटीतून खारं पाणी मानेवर गळायचं. तिच्या टाचांच्या भेगा मी लहानपणापासून बघतोय, त्या कुठल्या मलमाला दाद देत नाहीत. ते मिठागर भरावाखाली गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या भागात १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनीचं काय काय झालं, १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोट्याकडे पाच माणसं का गेली, हे इथल्या वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. ते आज लिहितही नाही.

झालं असं की दिवाळीच्या सुमाराला पुतण्या मोबाइलवर छोट्या रणाचा व्हिडिओ बघत होता. वाफे, पंप, पांढऱ्या राशी. आय मागून बघत होती. म्हणाली, "यो आगर चालू हाय?" त्यानं सांगितलं, हो आजी, आजही चालू. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मना पन यवाचा हाय." पुतण्यानं तेव्हा फक्त स्वतःच्या मित्रांबरोबर थार घेऊन जायचं ठरवलं होतं. त्याचे मित्र बाजूला राहिले आणि आमची वरात निघाली.

डॉक्टरांकडे नेलं. गुडघे दोन्ही सुजलेले, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांनी नको म्हणून पाहिलं, आयनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी त्यांनी अटी घातल्या. दीड तासावर गाडी थांबवायची, दहा मिनिटं चालवायचं, पाणी पाजत राहायचं, पाय लोंबते ठेवायचे नाहीत. पुढच्या वर्षी नेऊ असं माझ्या बायकोनं एकदा सुचवलं. मी आयच्या पायांकडे बघितलं आणि काही बोललो नाही. हिलाही कळलं. दुसऱ्या दिवशी तीच बसून दशम्या-चटणीची यादी करायला लागली.

गाडीचं सांगतो. थारमध्ये आयला चढता येत नाही, मागे बसणं तर दूरच. म्हणून ती, मी, ही, सून आणि नात आपल्या जुन्या बोलेरोत. पुतण्या आणि मुलगा थारमध्ये सामान घेऊन. बोलेरोला चारही चाकांना ताकद नाही, त्यामुळे ती रणाच्या आत जाणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलंय. या बाबतीत पोरांपेक्षा मला जास्त कळतं असं मी मानतो, कारण आपण खाजणातली माणसं. रणाची जमीन म्हणजे पाणी सोडून दिलेल्या भातखाचरासारखी. वर पापुद्रा कडक, तडे गेलेले, पाय ठेवला तर वाटतं सिमेंट आहे. खाली वीतभर गेलं की लोणी. माणूस चालतो, बैल चालतो, दीड टनाची गाडी चालेलच असं नाही. रुतली की पोरं ॲक्सिलरेटर दाबतात आणि चाक स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. ट्रॅक्टर रुतला की आपण काय करतो? थांबतो, उतरतो, चाकापुढे पेंढा-फळ्या घालतो, माती मोकळी करतो. तिथेही तेच. सोबत दोन फळ्या, जाड दोर, फावडं, हवेचा छोटा पंप. वाळूत चाकाची हवा कमी केली की टायर पसरतो आणि गाडी वर राहते, पण डांबरावर यायच्या आधी ती परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. आणि सगळ्यात मोठा नियम, आधीच्या चाकोरीवरून चालायचं. जिथे मिठाचे ट्रक गेलेत तिथे आपणही जाऊ. जिथे कुणीच गेलेलं नाही तिथे फोटो चांगला येतो, बाकी काही नाही.

छोटं रण सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातलं बरंचसं रानगाढवांचं अभयारण्य आहे, १९७३ पासून. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतं. आयला तिथल्याच माणसाच्या जीपमधून आगरियांच्या वाफ्यांपर्यंत न्यायचं असं बोलणं झालंय.

आगरिये म्हणजे तिथले मीठ पिकवणारे. आपलं नाव आणि त्यांचं नाव एकाच मुळाचं. पण रीत वेगळी. आपण समुद्राचं पाणी घ्यायचो, त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. ते रणाच्या मधोमध बोअर मारून जमिनीखालचं पाणी काढतात, ते समुद्रापेक्षा कितीतरी खारट. पाऊस संपला की कुटुंबासकट रणात राहायला जायचं, उन्हाळ्यात मीठ काढून परत यायचं. प्यायचं पाणी टँकरनं. पूर्वी डिझेलवर पंप चालायचे आणि मिठाचा बराचसा पैसा डिझेलातच जायचा. आता पुष्कळांकडे सौरपंप आलेत. पावसाळ्यात त्याच रणात बनास, रूपेण नद्यांचं पाणी आणि आखाताचं पाणी एकत्र होऊन कोळंबी येते. म्हणजे उन्हाळ्यात मीठ, पावसाळ्यात मासळी. आपल्या खाजणाचंही असंच होतं की. देशातल्या मिठातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा आज गुजरातचा. आमच्या ताटातलंही तिकडूनच येतं, पिशवीतून.

वाटेत दांडीला थांबायचं आहे. महामार्गापासून नवसारीजवळ आत वळायचं, फार लांब नाही. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ती जागा. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आपल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नातीला दोन्ही एकत्र सांगायचंय. ती तिसरीत आहे, तिला यापेक्षा पोहणाऱ्या उंटांत जास्त रस आहे. खाराई उंट म्हणून कच्छची जात आहे, भरतीत पोहत जाऊन तिवरं खातात. आमच्या बांधाबाहेर तिवरं इतकी माजलीत, दोन उंट इकडे आणता येतील का असं तिनं विचारलं. मी म्हणलं, आजीला विचार.

माझा स्वतःचा स्वार्थही आहे, तो लपवत नाही. भुजजवळ कुकमा इथे काझरीचं, म्हणजे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. खाऱ्या पाण्यावर काय काय उगवतं ते मला डोळ्यांनी बघायचंय. आपल्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण दिले. पनवेल-३ मी लावतो, खांड गेलेल्या वर्षीही त्यानं घरचं खाणं दिलं. पण भात शेवटी भातच. क्षारता ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमिनीला खारी म्हणतात आणि साधा भात त्याआधीच रडायला लागतो. खजुराचं झाड त्याच्या खूप पुढेपर्यंत तग धरतं. कच्छच्या खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता कुणी लगेच खजूर लावायला धावू नका. तिकडे फळ जून-जुलैत तयार होतं आणि पाऊस जरा लवकर आला तरी बागायतदार हवालदिल होतो. आपल्याकडे त्या महिन्यांत काय कोसळतं ते ठाऊक आहे. मला फळ नको, त्यांची पाणी देण्याची, क्षार खाली ढकलण्याची पद्धत बघायची आहे.

धोलावीराही त्याचसाठी. लोक जुनं शहर म्हणून जातात, २०२१ ला जागतिक वारशात आलं. मी जाणार ते टाक्या बघायला. चारही बाजूंनी खारं रण, मधे खडीर बेट, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दोन पावसाळी ओढे अडवून दगडी टाक्यांत गोड पाणी साठवलं. आमच्या गावात गोड्या पाण्याचं एक तळं होतं, त्याचं आज पार्किंग आहे.

खर्चाचं विचारलंय कुणीतरी. सगळा फेरा साधारण २,४०० किलोमीटर. बोलेरो लिटरला १४ देते, म्हणजे नुसतं तिचं डिझेल १७० लिटरच्या वर, साडेपंधरा हजारांच्या आसपास. थारचं पुतण्या बघेल. राहणं साधं, दुपारचं जेवण घरून नेलेल्या शिध्यावर. पहिल्या दिवशी पहाटे चारला निघून ठाणे-घोडबंदरची गर्दी उजाडायच्या आत मागे टाकायची, सुरतेच्या पुढे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादला वळसा घालून विरमगाम. आगरियांकडे दोन दिवस. मग राधनपूर, सांतलपूर, आडेसर, रापर करत धोलावीरा, आणि तिथून रणातून जाणाऱ्या सरळ रस्त्यानं खावडा. हा रस्ता डांबरी आहे, दोन्ही बाजूंना पांढरं, आय इथे आरामात बसून बघेल. सरहद्द जवळ असल्यानं पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, म्हणून सगळ्यांची आधारकार्डं आणि गाड्यांची कागदपत्रं एका पिशवीत घातलीत. बन्नीत म्हशी रात्री चरायला जातात म्हणतात, ते जमलं तर बघू.

आता राहिला बांध. धाकटा भाऊ मागे राहतोय. मी त्याला दोनदा म्हणलं, तू जा, मी थांबतो, तुझीही आय आहे. तो म्हणाला, "दादा, तू जा. बांध काय पळून जात नाय." बांध पळत नाही, फुटतो, हे त्यालाही माहीत आहे. पूर्वी जोळ होतं तेव्हा घरटी एक माणूस बांधावर यायचाच. आज आमच्या पट्ट्यात कसणारी चारच घरं उरलीत, बाकीच्यांच्या जमिनी गेल्या किंवा पडीक आहेत. आमच्या या दोन एकरांवरूनही नव्या रस्त्याची आखणी जाईल अशी बोलणी चालू आहेत. जाईल तेव्हा जाईल. तोपर्यंत भात लावायचा तर बांध सांभाळायलाच लागणार.

आयनं काल एक पिशवी भरून ठेवली. घरच्या पनवेल-३ चे पाच किलो तांदूळ. आगरियांच्या घरी द्यायचे म्हणते. रिकामी पिशवी परत आणायची आणि त्यात तिकडचं खडामीठ. मी विचारलं, एवढ्या मिठाचं काय करणार? म्हणाली, "चाखून बघन, आमचा चांगला का त्यांचा."

निघायच्या आधी उघाडीचं झडप बदलायचंय. खालची फळी कुजली आहे, उधाणात गळते. फळी कापून आणली, बिजागऱ्या आल्यात. या रविवारी ओहोटीला काम धरतोय. पाणी उतरलेलं चार तास मिळेल, त्यात जुनी काढून नवी बसवून दोन्ही अंगांना मातीची पोती लावायची. किमान सहा माणसं लागतील. चार घरांतले चार येतायत. शेजारच्या गावातल्या कुणाला जमलं तर या, चहा आणि पोपटी आमच्याकडे.