बाजा कुणाचा?

गेल्या डिसेंबरात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी स्टेजवर चढलो. भाषणाला नव्हे हो, भाषणं शाळेत पस्तीस वर्षं भरपूर केली. मी चढलो ॲकॉर्डियन वाजवायला! घरच्यांना हे ठाऊक आहे, पण पुढचं बरंचसं त्यांनाही सांगितलेलं नाही.

तर झालं असं. ऑक्टोबरात एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, काही नाही, सरळ प्रश्न, "मास्तर, बाजा आहे का अजून, की भंगारात घातलास?" आवाज लगेच ओळखला. आमचा गिटारवाला. मिरजेतल्या क्लबाचा वर्धापनदिन होता. आपल्या ऑर्केस्ट्रातले आहेत तेवढे जमू, आठ गाणी वाजवू, असा त्याचा बेत. आम्ही मूळचे पाच. गिटार, ड्रम, काँगो-बाँगो, मी आणि गायक. गायक २०१९ साली गेला. उरलो चौघं.

नातवंडांना 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की व्हायोलिनवाल्यांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रा म्हणजे हिंदी सिनेमाची गाणी म्युझिकसकट स्टेजवर वाजवणं. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'सारख्यांचा तेव्हा केवढा दबदबा! त्यांचं बघून गावोगावी आमच्यासारखी पोरं उभी राहिली. आम्ही १९७१ साली सुरुवात केली. नाव अर्थातच इंग्रजी. मराठी नाव ठेवलं असतं तर भजनी मंडळ समजून कुणी सुपारी दिली नसती.

त्यातून गाव मिरज! सतारी आणि तंबोरे घडवणारं गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला थोर थोर गवई हजेरी लावणार, आणि आम्ही तिथं काँगो बडवणार. वडीलमंडळी आम्हांला काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टेपरेकॉर्डर कुणाकडेच नव्हता. गाणं 'उतरवायचं' ते रेडिओवरून. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की पाचही जण रेडिओला चिकटून बसायचो. कामं वाटलेली असत. सुरुवातीचं म्युझिक मी लक्षात ठेवायचं, पहिल्या अंतऱ्याआधीचं गिटारवाल्यानं, दुसऱ्या अंतऱ्याआधीचं गायकानं. गाणं संपलं की ताबडतोब आपापला तुकडा गुणगुणत बसायचं, पुढचं गाणं कानावर पडायच्या आत! जे निसटलं ते पुढच्या बुधवारी.

'आराधना' १९६९ साली आला होता. त्यातलं पावसातलं, एकाच शॉटमध्ये घेतलेलं गाणं आठवत असेल. त्यातला ॲकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचा. तो ऐकला आणि मी वेडा झालो. घरी हार्मोनियम होती, बोटं तयार होती. १९७२ साली मुंबईच्या चोरबाजारातून ८० बेसचा एक जुना बाजा आणला. सातशे रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७४ साली मला शाळेत नोकरी लागली. मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात बोलावून सांगितलं, "शिक्षकानं असल्या स्टेजवर दिसू नये. विद्यार्थी बघतात." गणपती तोंडावर आले होते, पहिला कार्यक्रम चार दिवसांवर. मी चिठ्ठी लिहिली आणि धाकट्या भावाच्या हाती गिटारवाल्याकडे पाठवली. स्वतः गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पुढे बदली झाली, मग पुणं झालं, संसार झाला. लग्नाकार्यात भेट व्हायची, पण त्या चिठ्ठीचा विषय पन्नास वर्षांत कधी निघाला नाही. मनात मात्र ती सलत राहिली.

असो. फोन ठेवला आणि माळ्यावरून बाजा काढला. भाता ओढला तर दमेकऱ्यासारखा आवाज. पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेला. त्यांनी तो उघडून दाखवला. आत पोलादाच्या इवल्याशा पट्ट्या असतात, त्यांतून स्वर निघतो. त्या बसवलेल्या असतात मेण आणि राळेच्या मिश्रणात. "मेण वाळून तडकलंय सर. पट्ट्या सुटल्यात, चामडी ताठ झालीत. वाजवत राहिला असता तर इतकं झालं नसतं." शेवटचं वाक्य ते सहज बोलले, पण माझ्या चांगलं लक्षात राहिलं. तीन आठवड्यांनी बाजा हाती आला. मग रोज तासभर सराव. बाजा दहा किलोच्या आसपास, खांदे भरून यायचे. सौ. म्हणाली, "अहो, देवपूजेला इतका वेळ बसला असतात तर!"

कोयना एक्सप्रेसने मिरज गाठली. आदल्या दिवशी गिटारवाल्याच्या माडीवर प्रॅक्टिस. ड्रमवाल्याच्या दोन्ही कानांत यंत्रं. काँगोवाल्याचं एक बोट वाकत नाही. पहिली तीन गाणी ठीक गेली. मग 'आराधना' काढलं आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी चौघंही एकदम थांबलो. तो तुकडा गायकानं लक्षात ठेवायचा होता ना!

गिटारवाल्याच्या नातीनं मोबाइलवर मूळ गाणं लावलं. आम्ही ऐकतच राहिलो. आम्ही चार वर्षं वाजवत होतो ते हे नव्हतंच! पठ्ठ्यानं अर्धा तुकडा पदरचा घातला होता आणि आम्हांला छातीठोकपणे शिकवला होता. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग मी डोळे मिटून नुसती बोटं सोडली, तर त्याचा तो चुकीचा तुकडा जसाच्या तसा निघाला. ठरलं, उद्या हाच वाजवायचा.

चहाच्या वेळी बाकीचे खाली गेले. मी धीर करून म्हटलं, "त्या गणपतीत मी चिठ्ठी पाठवली, यायला हवं होतं. चुकलं माझं."

तो म्हणाला, "चिठ्ठीचं काय घेऊन बसलास? नोकरी लागली, गेलास. कुणीही गेला असता." जरा थांबला. "पण बाजा का नेलास?"

मला कळेचना.

"पाच जणांचे पैसे होते त्यात. एकशे चाळीस, एकशे चाळीस. ते सगळे गणपती आम्ही हार्मोनियमवर काढले. लोकांना सांगायचो, बाजा दुरुस्तीला गेलाय. दोन वर्षं हेच सांगितलं."

मी काय बोलणार? बाजा पहिल्यापासून आमच्या घरी असायचा, कारण पावसाळ्यात आमचीच खोली कोरडी. बदली झाली तेव्हा सामानाबरोबर तोही आला. चोरी करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. 'माझा ॲकॉर्डियन' म्हणून आल्यागेल्याला दाखवला आणि एकशे चाळीस सोडून बाकीचे पाचशे साठ साफ विसरलो. माणूस आपल्या सोयीचा अपराध जपून ठेवतो हेच खरं. चिठ्ठीचा अपराध कुरवाळायला बरा होता, त्यात मी बिचारा दिसत होतो. आणि बरं, नेला तो नेला, वाजवला तरी का नाही? वर्गात मुलांपुढे एकदा तरी काढायला काय हरकत होती? माळ्यावर ठेवून मेण वाळवलं फक्त.

कार्यक्रम झाला. क्लबाच्या हिरवळीवर दोन-अडीचशे माणसं असतील. ड्रमवाला जरा पळत होता, एका गाण्यात मी चुकीच्या पट्टीत शिरलो. 'आराधना'तला तो तुकडा आला तेव्हा पुढच्या रांगेत गायकाची पत्नी, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. त्यांनी एकदम मान वर केली. नंतर म्हणाल्या, "हा यांचाच ना? घरी अंघोळ करताना असाच गुणगुणायचे. मला वाटायचं, यांना गाणं नीट येत नाही."

दुसऱ्या दिवशी निघताना बाजा मी माडीवरच ठेवला. म्हटलं, माझा हिस्सा एक पंचमांश. गिटारवाला उगीच नाही नाही म्हणाला, पण मास्तराचा हिशेब! वर्षाचे ३६५ दिवस, पाच हिस्सेदार, दर माणशी त्र्याहत्तर दिवस. गायकाचे त्र्याहत्तर वहिनींचे, आणि पहिली पाळी त्यांची. माझी शेवटची, कारण पन्नास वर्षं आगाऊ वापरून झाली आहेत.

जानेवारीत वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "मला वाजवता येत नाही भाऊजी, पण रोज सकाळी पट्टा सोडून पाच मिनिटं भाता ओढते. बंद राहिला की खराब होतो म्हणालात ना?"

माझी पाळी ऑक्टोबरात येईल.